राखीव नमुना

१९ ऑक्टोबर २०२४, आसगाव

आज नागपूरला जाऊन आलो. तृप्तीनं बळजबरीनं नेलं. म्हणे, "बाबा, तुमी चला ना. त्या सूटबूटवाल्यांत मी एकटी पोट्टी काय करू?" आमची ही मुलगी गेल्या वर्षापासून बोडीकाठ शेतकरी उत्पादक कंपनीची व्यवस्थापक आहे. कंपनी म्हणजे आसगाव-कोंढ्याकडची अडतीस शेतकरी घरं, एक भाड्याची खोली आणि एक प्रिंटर, तोही अडतो.

हॉटेलात कार्यक्रम होता. आफ्रिकेतल्या टोगो देशात व्यापार आणि गुंतवणुकीच्या संधी. पडद्यावर नकाशे, बाण, जहाजं. 'प्रवेशद्वार' हा शब्द मी सतरा वेळा मोजला. तिकडं बंदर आहे, जमीन आहे, गिरणी टाका, गोदाम टाका, आजूबाजूच्या चार देशांत माल विका. सगळं ठीक. शेवटी म्हणाले, प्रश्न विचारा. मी छत्तीस वर्षं जवाहरनगरच्या फॅक्टरीत तपासणी विभागात काढली आहेत, प्रश्न विचारल्याशिवाय मला अन्न पचत नाही. उभा राहिलो आणि विचारलं, "तिकडचे लोक भात कसा खातात? मोकळा की गिचका?"

हॉलभर हशा. टायवाल्यानं आयातीचे आकडे सांगितले, भाताचं काही सांगितलं नाही.

एक बाई मात्र हसली नाही. तिकडून आलेल्या मंडळींतली, पन्नाशीची, डोक्याला फुलाफुलांचं कापड बांधलेलं. मादाम आकुवी. लोमे शहरात तांदळाचा ठोक धंदा आहे तिचा. चहाच्या वेळी आपणहून आमच्याकडे आली आणि तृप्तीशी इंग्रजीत बोलली. म्हणाली, एवढ्या लोकांत तांदूळ खायची वस्तू आहे हे एकालाच आठवलं. आम्हाला मोकळा लागतो. दाण्याला दाणा चिकटला तर बाजारातल्या बायका पोतं माझ्या अंगावर फेकतील. दोन किलो नमुना पाठवा. दर रविवारी माझ्याकडे पंधरा-वीस पाहुणे जेवायला असतात, त्यांना शिजवून घालते. ते सांगतील ते खरं.

घरी येऊन गोदावरीला सगळं सांगितलं. बंदर, जहाज, करार, सगळं. तिनं एवढंच विचारलं, "पाहुण्याईले वाढन म्हणे काय ते?" हो म्हटलं. मग ती भाजी चिरायला लागली. आमच्या बायकोला व्यापारात रस नाही.

३ नोव्हेंबर

कंपनीच्या खोलीत सभा. पांढऱ्या तांदळावरची निर्यातबंदी उठली आहे, एक डबा भरून पाठवता येतो, हे तृप्तीनं समजावून सांगितलं. डबा म्हणजे कंटेनर. पंचवीस टन तांदूळ बसतो.

लोकांना पटेना. सरकारी केंद्रावर धान घातलं की उशिरा का होईना पैसे येतात, हे सगळ्यांना माहीत आहे. समुद्रापलीकडच्या बाईचं कोणाला काय माहीत? तृप्तीचा आवाज बारीक व्हायला लागला तसा मी उठलो. खरं तर उठायचं नव्हतं. म्हटलं, "माल मी स्वतः तपासीन. फॅक्टरीत माझ्या हातून चुकीचा नग बाहेर गेला नाही, इथूनही जाणार नाही."

मनकर्णाबाई मागं बसल्या होत्या. नवरा नाही, दीड एकराची धानाची बांधी, वर्षाचं सगळं त्याच्यावरच. म्हणाल्या, "टिकारामभौ, तुमी म्हनता म्हनून मी देतो माहे धानाचे बावीस कट्टे. तुमी म्हनता म्हनून, बरं का." मग बाकीचेही हो म्हणाले.

घरी येईपर्यंत छाती फुगलेली होती. जेवताना त्या 'तुमी म्हनता म्हनून'चं ओझं एकदम जाणवलं.

२० नोव्हेंबर

आज मतदान. तरीही कामाचा खोळंबा होऊ दिला नाही.

काल कोंढ्याला भूपेंद्रच्या गिरणीत नव्या धानाची पहिली भरड झाली. भूपेंद्र माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, बोलण्यात चलाख, पण गिरणी स्वच्छ ठेवतो. श्रीराम जातीचा तांदूळ, दाणा बारीक, लांब, तुकडा कमी. मी पद्धतशीर नमुना काढला. दहा पोत्यांतून मूठमूठ, ढीग, ढिगाचे चार भाग, समोरासमोरचे दोन घ्यायचे. दोन-दोन किलोच्या तीन कापडी पिशव्या भरल्या. नमुना क्रमांक एक लोमेला. क्रमांक दोन माझ्याकडे राखीव. क्रमांक तीन गिरणीत राखीव. कधी वाद झाला तर राखीव नमुना फोडायचा आणि ताडून पाहायचा. राखीव नमुन्याला हात लावणं म्हणजे देवळातल्या पेटीला हात लावण्यासारखं, हे मी दोन पिढ्यांच्या पोरांना शिकवलं आहे.

पिशव्या मी स्वतः शिवल्या, पाटावर मांडल्या आणि मत द्यायला गेलो. रांग मोठी होती. आलो तेव्हा गोदावरी शिडीवरून ढोलीत वाकलेली. ढोली म्हणजे आमची धान्याची मोठी कणगी, तिच्यात मागच्या सालचा तांदूळ आहे, कीड लागू नये म्हणून कडुलिंबाचा पाला घालून ठेवलेला. म्हटलं, "काय काढून राहिली?" म्हणाली, "पाहुण्याईसाठी." कोण पाहुणे? सांगितलं नाही. दिवसभरात कोणी आलंही नाही.

लाख वितळवून तिन्ही पिशव्यांवर माझा पितळी शिक्का मारला. वजनात नमुना क्रमांक एक पाच ग्रॅम कमी भरला. काटा तपासून घ्यायला पाहिजे. शिवण मात्र तिन्हींत त्याचीच सरस होती. वयाबरोबर माझा हात सुधारतो आहे.

२२ नोव्हेंबर

भंडाऱ्याहून कुरिअर गेलं. खिडकीतल्या माणसाला टोगो कुठं आहे ते समजावून सांगितलं. त्यानं विचारलं नव्हतं.

६ डिसेंबर

मादाम आकुवीचा निरोप आला! तृप्ती धावत घरी आली, चपला पायातच. बाईनं लिहिलंय, रविवारी तुमचा तांदूळ शिजवला, दाणा बोटभर फुलला, माझ्या मावशीनं तीनदा घेतला आणि मावशी लग्नातसुद्धा दोनदाच घेते. एक कंटेनर पाठवा. अट एकच. इथं पोचल्यावर मी शिजवून पाहीन. नमुन्यासारखा असला तर पूर्ण पैसे, नसला तर माल तुमचा.

मी म्हटलं, ही तर न्यायाची अट आहे. नमुना तो माल, माल तो नमुना. भिण्याचं कारण काय? तृप्तीनं तिथंच सही केली.

थोडं नवल मात्र वाटलं. नव्या धानाचा तांदूळ एवढा फुलतो? तिकडच्या पाण्याचा गुण असेल. गोदावरीला सांगितलं तर ती पदरात तोंड लपवून हसली. म्हणाली, "मंग? माह्या घरचं हाये ते." तिला आनंद झालेला पाहून बरं वाटलं.

१५ डिसेंबर

आज घरी नवा तांदूळ शिजवला. गिचका. अगदी लापशी. गोदावरीला बोललो, पाणी जास्त घातलंस. ती म्हणाली, "नवा तांदूळ हाये बापा, असाच होते तो. म्हनून तं पाहुण्याले नाई वाढत." मी म्हटलं, मग लोमेत कसा फुलला? तर उठून ताक आणायला गेली. स्वतःची चूक कबूल करायची सवयच नाही बाईला.

२४ डिसेंबर

डबा भरला. पाचशे पोती, मी प्रत्येकाला हात लावला. अडतीस घरांतून कोणी ना कोणी आलं होतं. मनकर्णाबाईंनी दाराला हळदकुंकू लावलं आणि नारळ फोडला. ड्रायव्हर म्हणाला, "आजी, ट्रक माहा, पूजा डब्याची काहून?" त्या म्हणाल्या, "तू तं वापस येशीन, बाबू. तो समुद्रात जाऊन राहिला." डबा नागपूरच्या डेपोकडे गेला. तिथून रेल्वेनं मुंबई, मुंबईहून जहाज.

५ जानेवारी २०२५

डबा अजून मुंबईच्या बंदरातच. जहाज भरलं म्हणून पुढच्यावर टाकला. वेळ म्हणजे काय ते या लोकांना माहीतच नाही. फोनवर एका पोराला चांगला झापला. त्यानं "ओके अंकल" म्हणून फोन ठेवला.

१४ जानेवारी, संक्रांत

आजचं आजच लिहून ठेवतो.

दुपारी घरी हळदीकुंकू. बायका कंपनीबद्दल विचारत होत्या म्हणून तृप्तीनं त्यांना करार वाचून दाखवला, मराठी करून. नमुन्यासारखा नसला तर माल आपला, म्हणजे तिथं पडेल त्या भावानं विकायचा, नाही तर भाडं भरून परत आणायचा. दोन्हींत बुडणं आपलंच. मनकर्णाबाई म्हणाल्या, कायले नसन? टिकारामभौनं शिक्का मारला ना.

बायका गेल्यावर गोदावरी आतल्या खोलीत आली. वाटीत तिळगूळ. म्हणाली, "घ्या. अन् रागावू नका."

"काहून रागवीन?"

"म्या त्या पिशवीतला तांदूळ बदलला."

मला समजेचना. तिनं सांगितलं. मी मत द्यायला गेलो तेव्हा तिनं क्रमांक एकची शिवण उसवली, नवा तांदूळ काढला, ढोलीतला मागच्या सालचा भरला आणि पुन्हा शिवली. "अवो, परदेशच्या पाहुण्याच्या ताटात नवा तांदूळ वाढते काय कोनी? पोट दुखते त्यानं. गिचका होते. आपली इज्जत काय राहीन? जुना तांदूळ पाहुण्याचा, नवा घरच्याचा. माहेरी-सासरी हेच पाह्यलं म्या. मले काय मालूम, थे नमुना म्हंजे असं असते म्हनून!"

शिवण सरस होती. पाच ग्रॅम कमी. ढोलीवरची शिडी. तीनही गोष्टी मी स्वतःच्या हातानं या वहीत लिहिल्या आहेत. छत्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या नगातलं केसाएवढं अंतर पकडलं आणि माझ्याच पाटावरची पिशवी मला पकडता आली नाही. वर माझाच शिक्का.

रागावलो. खूप रागावलो. नको ते बोललो, तिच्या माहेरापर्यंत गेलो. ती रडली नाही, नुसती वाटी धरून उभी राहिली. त्याचाच जास्त त्रास झाला.

१५ जानेवारी

जहाज परवाच सुटलं. आता डबा थांबवता येत नाही.

भूपेंद्रला गिरणीत जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "भौ, चूप बसा. तिकडं कोनाले समजते? तांदूळ तो तांदूळ. नाईच जमलं तं म्हनू, समुद्राची हवा लागली." खोटं कशाला लिहू, मलाही ते पटलं. सायकलवरून येताना मी वाक्यही जुळवून ठेवलं होतं, 'सागरी आर्द्रतेमुळे' वगैरे. घराच्या वळणावर मनकर्णाबाई भेटल्या. "कुठवर गेला आपला डबा?" मी म्हटलं, समुद्रात आहे. त्या म्हणाल्या, "बरं हाये. तुमी हाये तं मले काई चिंता नाई."

घरी आलो आणि तृप्तीला बसवून सगळं सांगितलं. पोरीनं एकदा आपल्या आईकडे पाहिलं. मग म्हणाली, "बाबा, मादामले आजच सांगू. डबा पोचल्यावर सांगतलं तं ते चोरी होईन. आता सांगतलं तं चूक राहीन."

तिला हे कोणी शिकवलं कोण जाणे. मी तर नाही, मी वाक्य जुळवत होतो.

१६ जानेवारी

व्हिडिओवर बोलणं झालं. मी, तृप्ती, आणि मध्ये गोदावरी, डोक्यावर पदर. तिनंच सांगायचं ठरवलं होतं. "बाई, चूक माही हाये. याईले काई मालूम नव्हतं. तुमच्या घरी पाहुणे येनार म्हनलं, म्हनून म्या चांगला तांदूळ पाठवला." तृप्तीनं इंग्रजी केलं.

मादाम काहीच बोलली नाही. मग मागं वळून आपल्या भाषेत कोणाला तरी काही विचारलं. आतून एका म्हाताऱ्या बाईचं उत्तर आलं. त्यावर मादामचा चेहरा आणखीच उतरला. तिनं विचारलं, तो जुना तांदूळ किती जुना? एका वर्षाचा, म्हटलं. आणि डब्यातला? दोन महिन्यांचा. शेवटी म्हणाली, "जहाज येऊ द्या. मग बोलू." फोन ठेवला.

संतापली असणार. मी तिच्या जागी असतो तर शिव्याच घातल्या असत्या.

गोदावरी दोन दिवस जेवली नाही नीट. मी माहेरावरून बोललो ते चुकलंच. सांगायचं आहे तिला, जमत नाही.

२४ जानेवारी

मधल्या कुठल्या तरी बंदरात डबा उतरवला आणि आता दुसऱ्या जहाजाची वाट पाहतोय. आणखी तीन आठवडे! मी पडवीत बसून साऱ्या जगातल्या जहाजवाल्यांचा उद्धार करत होतो. गोदावरी सूप घेऊन बसली होती. दहा दिवसांनी पहिल्यांदा आपणहून बोलली.

"होऊ द्या ना उशीर."

"म्हणजे?"

"तांदूळ ढोलीत बसला काय अन् डब्यात बसला काय, जुनाच होऊन राहिला ना थो? बंद डबा, वरून ऊन. तिथं तं लवकर मुरन."

एवढी साधी गोष्ट! तांदूळ जुना व्हायला ढोलीच कशाला पाहिजे, वेळ पाहिजे. आणि वेळ हे जहाजवाले फुकट देऊन राहिले आहेत.

तिथंच म्हटलं, "गोदावरी, त्या दिवशी मी बोललो ते चुकलं माझं."

"मालूम हाये मले," म्हणाली आणि पाखडत राहिली. पण रात्री दोघं नीट जेवलो.

२६ जानेवारी

झेंडावंदन करून आलो आणि नमुना क्रमांक दोनचं सील फोडलं. आयुष्यात पहिल्यांदा वादाशिवाय राखीव नमुना फोडला. पण हा त्याच दिवसाचा, त्याच ढिगाचा तांदूळ आहे. डब्यातला जेवढा जुना तेवढाच हा. याला पत्र्याच्या पेटीत घालून उन्हात ठेवला, म्हणजे त्याचे-याचे हाल सारखे.

एक वाटी गोदावरीनं शिजवला, शेजारी ढोलीतला. दहा-दहा दाणे ताटलीत मांडून व्हर्निअरनं, म्हणजे फॅक्टरीतल्या बारीक मोजपट्टीनं, मोजले. जुना, सरासरी दहा पूर्णांक एक मिलिमीटर. नवा आठ पूर्णांक तीन. तृप्ती दारात उभी राहून पाहत होती. "बाबा, भात मोजून राहिले तुमी?" म्हटलं, हो, तू हस.

१० फेब्रुवारी

आठ पूर्णांक नऊ! तिसऱ्यांदा मोजले. चिकटपणाही कमी.

जहाज अजून आलेलं नाही त्या बंदरात. देवा, असंच राहू दे.

१९ फेब्रुवारी

नऊ पूर्णांक दोन. पण तृप्तीचा फोन आला, डबा जहाजावर चढला. मी म्हटलं, एवढी कसली घाई पडली होती त्यांना? ती म्हणाली, "महिनाभर आधी याच लोकांले तुमी शिव्या देत होते, बाबा."

गावात हे फुटलं आहे. भूपेंद्रनंच सांगितलं असणार. मला वाटलं होतं लोक तोंडावर बोलतील. झालं भलतंच. रस्त्यात जो तो विचारतो, "भौ, किती झाला?" परवा पारावर एकजण म्हणाला, "साडेनऊ झाला का, नारळ फोडू." मनकर्णाबाई मात्र आल्या आणि गोदावरीजवळ बसल्या. मी आतून ऐकत होतो. त्या म्हणाल्या, "मी असती तं म्याही जुनाच देला असता. पन बाई, सांगाचं होतं वो." एवढंच. चहा पिऊन गेल्या.

९ मार्च

डबा लोमेला पोचला. आज नऊ पूर्णांक आठ. जुन्यापेक्षा तीन दशांश कमी. फॅक्टरीत असतो तर मीच रिजेक्ट केला असता.

मादामचा निरोप एका ओळीचा. रविवारी शिजवीन.

१४ मार्च

धुळवड. अंगावर रंग पडू दिला नाही, मन नाही. काय होईल ते होईल म्हणतो आणि लगेच हिशेब करायला बसतो, अडतीस घरांना तोंड कसं दाखवायचं. माल तिथं पडून राहिला तर मी माझी पेन्शन घालीन, पण ती कितीशी? तृप्ती म्हणाली, "बाबा, कंपनी बुडली तं मी दुसरी नोकरी पाहीन." हसून म्हणाली. हसणं मला खरं वाटलं नाही.

गोदावरीनं मात्र पुरणपोळ्या केल्या. म्हणाली, "जो भात शिजाचा तो शिजन. तुमी खा."

१७ मार्च

काय लिहू आणि कुठून सुरू करू! आधी मुख्य ते लिहितो. पास. माल पास! पूर्ण पैसे!

सकाळी मादामचाच व्हिडिओ आला. मी शर्टाची बटणंही लावली नव्हती. तिच्या शेजारी एक म्हातारी बसलेली, पातळ, गंभीर. हीच ती मावशी. मादाम म्हणाली, काल अठरा पाहुणे होते. तुमचा तांदूळ शिजवला, कोणाला काही सांगितलं नाही. मावशीनं तीनदा घेतला. मग मी विचारलं, कसा आहे? ती म्हणाली, हा तोच ना, मागचा?

गोदावरीनं हात जोडले. पण मी तपासणी विभागाचा माणूस. माझ्या तोंडून निघून गेलं, "पण तुमच्याकडच्या नमुन्याशी ताडून पाहिलं का? माझ्या मोजणीत तीन दशांश कमी येतो."

तृप्तीनं माझ्या पायावर पाय दिला. म्हटलं, सांग, आहे तसं सांग.

मादाम मावशीकडे पाहायला लागली आणि मावशी छताकडे. मग मादामनं सांगितलं. पहिल्या रविवारी एक किलो शिजला होता. उरलेला एक किलो ताडून पाहायला म्हणून तिनं फडताळात वर ठेवला होता. जानेवारीत आमचा फोन आला तेव्हा तिनं मागं वळून विचारलं, ती पिशवी कुठे आहे? मावशी म्हणाली, नाताळात पाहुणे आले होते, चांगला तांदूळ घरात तोच होता, वाढला.

"म्हणजे," मादाम म्हणाली, "तुम्ही चूक कबूल करत होता आणि माझ्याकडे तुम्हाला पकडायला एक दाणा नव्हता. मी काय बोलणार होते?"

राखीव नमुना खाल्ला! मला आधी घाम फुटला, मग हसू फुटलं, आणि मग थांबेचना. दोन महिने मी इकडे व्हर्निअर लावून झुरतोय आणि तिकडे नमुना नाताळातच पोटात गेला होता. गोदावरीला तृप्तीनं मराठीत सांगितलं, तर तिला त्यात हसण्यासारखं काहीच दिसेना. म्हणाली, "मंग? पाहुणे आल्यावर थे काय कुलूप लावन तांदळाले?" तृप्तीनं तेही इंग्रजी केलं, मादामनं मावशीला सांगितलं, आणि ती गंभीर म्हातारी पडद्याजवळ येऊन गोदावरीकडे बोट करून काहीतरी म्हणाली. मादाम म्हणाली, "ती म्हणते, या बाईला समजतं."

पुढचं बोलणं धंद्याचं. मादाम तिथं एक गोदाम बांधणार आहे. नवा तांदूळ आणायचा, तीन-चार महिने मुरवायचा, मगच बाजारात. त्यात आमच्या कंपनीनं भागीदार व्हावं असं तिचं म्हणणं. तांदूळ आमचा, मुरवण्याची रीत आमची, जागा आणि बाजार तिचा. नागपूरच्या त्या हॉलमध्ये नकाशावर बाण काढत होते ते हेच म्हणायचं. मी सांगितलं, कागद पाठवा, प्रत्येक ओळ तपासीन. मादाम म्हणाली, तपासा, पण ढोलीत कडुलिंबाचा पाला किती आणि कधी घालायचा ते मला तुम्ही नका सांगू, त्यांना विचारायचं आहे. त्यांना म्हणजे गोदावरीला.

दुपारी मनकर्णाबाईंकडे स्वतः चालत गेलो. अंगण शेणानं सारवत होत्या. सांगितलं. त्या तिथंच खाली बसल्या, हात तसेच शेणाचे, आणि म्हणाल्या, "झालं बापा एकदाचं." मलाही बसावंसं वाटलं. बसलो. पाच महिन्यांनी पाठीवरचं पोतं उतरल्यासारखं झालं.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली. सगळ्यांना जेवायला बोलावलं, भूपेंद्र, मनकर्णाबाई, तृप्तीच्या कंपनीची मंडळी. भूपेंद्रला म्हटलं होतं, येताना नमुना क्रमांक तीन आण. त्यानं गिरणीतून पिशवी आणली, शिक्का शाबूत. म्हणाला, "भौ, याले तं हात लावाचा नाई म्हने?" मी लाख फोडली आणि पिशवी गोदावरीच्या हातात दिली. तिनं एकदा पिशवीकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "खरंच काय वो?"

"पाहुणे आहेत," म्हटलं.

लाखोळीच्या डाळीचं वरण, वांग्याची भाजी आणि भात. मोकळा झाला होता. व्हर्निअर खिशात होता, काढला नाही. मी तीनदा घेतला.

जेवण झाल्यावर नमुन्यांचं रजिस्टर उघडून रीतसर नोंद केली: नमुना क्रमांक तीन, राखीव. खाल्ला.